मावशी, हे फूल कुणी छापलं?

मुलांनो, आत्ता तुमच्या अंगावर जो कपडा आहे, तो कुणी केला? "दुकानातून आणला," असं सांगून सुटू नका हं! त्याचं सूत कुणी काढलं, कापड कुणी विणलं, त्यावरची फुलं कुणी उमटवली, शिवला कुणी? नाही ना सांगता येत? लाजू नका. मलाही सांगता आलं नव्हतं. आणि मी तर प्राथमिक शाळेतली बाई. मुलांना प्रश्न विचारण्याचाच पगार घेते!

हा प्रश्न मला विचारला माझ्या भाचीनं. ती आठवीत आहे. तिच्या प्रश्नामागे एक झगा आहे, एक चूक आहे आणि एक राहून गेलेली गोष्ट आहे. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

लंडनहून आलेलं पार्सल

दिवाळीच्या आधी भाचीच्या आत्यानं लंडनहून तिला एक पार्सल पाठवलं. आत पातळ कागदात गुंडाळलेला रेशमी झगा होता. पांढऱ्या रंगावर गुलाबी फुलं, हिरवी नाजूक पानं. हातात घेतला तर पाण्यासारखा घसरत होता. गंमत म्हणजे त्याला ना बटण, ना हूक, ना चेन! समोरून सगळा उघडा. एक बाजू दुसरीवर घ्यायची, लांब पट्टा कमरेभोवती फिरवायचा आणि गाठ मारायची. झालं! याला म्हणतात 'रॅप ड्रेस', म्हणजे गुंडाळून बांधायचा झगा.

झग्याला एक छोटी चिठ्ठी लटकवलेली होती. तिच्यावर इंग्रजीत छापलेल्या ओळीचा अर्थ असा होता : 'भारतीय हस्तकलांच्या परंपरेतून प्रेरणा घेऊन तयार केलेला.'

झालं! भाची उड्या मारायला लागली. तिच्या शाळेत डिसेंबरमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन भरणार होतं. प्रत्येकानं हातानं केलेली एक वस्तू आणायची आणि तिची माहिती सांगायची. कुणी वारली चित्र आणणार होतं, कुणी कोल्हापुरी चप्पल, कुणी आजीची पैठणी. भाचीनं त्याच दिवशी सगळ्या मैत्रिणींना सांगून टाकलं, "मी हातानं छापलेला रेशमी झगा आणणार!"

आजीनं झगा हातात घेतला, उलटसुलट केला आणि हसत म्हणाली, "अगं, एवढ्या लांबून आलं ते आपलं अंगडंच की!"

अंगडं, बाराबंदी आणि बनियन

आजीचं खरंच होतं. तान्ह्या बाळाचं अंगडं तुम्ही पाहिलंय ना? बाळाला बटण टोचू नये म्हणून ते एकावर एक पदर घेऊन बंदांनी बांधतात. मोठ्या माणसांचा अंगरखाही तसाच. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज घेऊन चालणारे मानकरी पांढरीशुभ्र बाराबंदी घालतात. बारा बंद, म्हणून बाराबंदी. राजस्थान-गुजरातेतही अंगरखा आहेच. बटणांवाचून आपल्याकडच्या माणसांचं काही अडत नव्हतं!

हा बांधायचा कपडा बाहेरच्या लोकांनाही आवडला. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमधले श्रीमंत लोक घरात बसताना एक सैलसर लांब झगा घालत. पुष्कळदा तो भारतातून आलेल्या फुलाफुलांच्या कापडाचा असे. त्याला ते 'बनियान' म्हणत. हा शब्द कुठून आला माहीत आहे? भारतातल्या व्यापाऱ्यांवरून, म्हणजे 'बनिया' या शब्दावरून! पुढे तो शब्द इंग्रजीत फिरत फिरत लहान झाला आणि आपल्याकडे परत आला. आज तुमचे बाबा शर्टाच्या आत जे घालतात, ते बनियन!

आताचा रॅप ड्रेस जगभर गाजला तो १९७४ साली. बेल्जियममध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम करणाऱ्या डायान फॉन फर्स्टनबर्ग या बाईंनी तो बाजारात आणला. त्यांचं कापड रेशमी नव्हतं. होजियरीसारखं विणलेलं होतं. पण घालायला सोपा, धावपळीत सोयीचा म्हणून नोकरी करणाऱ्या बायकांनी तो उचलून धरला. गुंडाळून बांधायचे कपडे पुष्कळ देशांत आहेत. जपानी किमोनोही तसाच. तेव्हा 'हे फक्त आमचंच' असं म्हणायचं कारण नाही. पण भाचीच्या झग्यावरची फुलं मात्र थेट एका गावाचा पत्ता सांगत होती. त्या गावी आमची योगायोगानं फेरी झाली.

सांगानेरची लांबलचक टेबलं

दिवाळीच्या सुट्टीत माझी बहीण, मेहुणे, भाची आणि मी जयपूरला गेलो. १७२७ साली सवाई जयसिंहांनी वसवलेलं हे शहर. हवामहालासमोर फोटो काढायचा म्हणून भाचीनं झगा बरोबर घेतला होता. शेवटच्या दिवशी आम्ही सांगानेरला गेलो. जयपूरचा विमानतळ आहे ना, तो याच सांगानेरला. पांढऱ्या कापडावर नाजूक फुलं छापण्यासाठी हे गाव शेकडो वर्षं प्रसिद्ध आहे.

छपाई करणाऱ्यांना तिथं छीपा म्हणतात. आणि ऐका, यांतली बरीच मंडळी स्वतःला 'नामदेव छीपा' म्हणवतात. नामदेव कोण? आपले पंढरपूरचे संत नामदेव! नामदेव शिंपी होते, विठ्ठलाचं नाव घेत ते पार पंजाबपर्यंत गेले, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलं असेल. कपड्याचं काम करणारे हे राजस्थानी लोक त्यांना आपले मानतात. मला तर परक्या गावात अचानक घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. सांगानेरमध्ये मुसलमान कारागीरही पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतात.

एका लांब छपरीत आम्ही शिरलो. आत लांबलचक टेबलं होती. त्यांवर तागाचे आणि कापडाचे थर पसरून गादीसारखं मऊ केलेलं. एका टेबलावर रेशमी कापड ताणून टाचण्यांनी पक्कं बसवलं होतं. रेशीम घसरतं ना, म्हणून. साठीच्या आसपासचे एक काका त्यावर छपाई करत होते. शेजारी चाकांच्या गाड्यावर रंगाचं तबक. काका पुढे सरकले की गाडा त्यांच्या मागोमाग सरके.

त्यांच्या हातात लाकडी ठसा होता. ते त्याला 'ठप्पा' म्हणत. ठसे शिसवी किंवा सागवानी लाकडाचे असतात. आधी कागदावर चित्र काढतात, मग ते लाकडावर उतरवून छिन्नीनं कोरतात. कोरून झालं की ठसा कित्येक दिवस तेलात बुडवून ठेवतात, म्हणजे लाकूड तडकत नाही. मोठ्या ठशाला आरपार बारीक भोकंही पाडतात. कशाला बरं? ठसा कापडावर दाबला की मधे अडकलेली हवा त्या भोकांतून निघून जाते, नाहीतर फूल फुगून पसरायचं!

एका फुलाला एकच ठसा लागतो असं वाटत असेल, तर चुकलात. एक ठसा फुलाच्या कडा उमटवतो. त्याला म्हणतात 'रेख'. रेखेच्या आत रंग भरणाऱ्या ठशाला 'दत्ता' म्हणतात आणि मागची जमीन रंगवणाऱ्याला 'गद'. गुलाबी पाकळ्यांना एक ठसा, पानांना दुसरा, देठांना आणखी एक. प्रत्येक रंगाला नवा ठसा, आणि प्रत्येक ठसा आधीच्या रेघेत अचूक बसायला हवा.

आता एक गणित घाला बघू. झग्याला ३ मीटर कापड लागलं. पन्हा १ मीटर. ठसा १० सेंटीमीटर लांब, १० सेंटीमीटर रुंद. सगळं कापड भरायला किती वेळा ठसा मारावा लागेल? आडव्या ओळीत १०, अशा ओळी ३०. म्हणजे ३००. आणि रंग चार असतील तर? १२००! एका झग्यासाठी बाराशे वेळा हात उचलायचा, बाराशे वेळा नेमक्या जागी ठेवायचा आणि बाराशे वेळा वरून मुठीनं ठोका द्यायचा.

आणि काकांचा हात बघाल तर! ठसा रंगात, ठसा कापडावर, ठोका. ठसा रंगात, ठसा कापडावर, ठोका. पट्टी नाही, पेन्सिलीची खूण नाही. ठशाच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका असतो, तोच त्यांचा वाटाड्या.

रंग पक्का कसा होतो?

भाचीनं विचारलं, "धुतल्यावर रंग जात नाही?"

काकांनी आम्हाला मागच्या अंगणात नेलं. छापलेलं रेशीम वाळलं की त्याची कागदात घालून गुंडाळी करतात आणि बंद भांड्यात वाफ देतात. आपण मोदक उकडतो ना, तसंच! वाफेनं रंग धाग्यात शिरतो. मग कापड धुऊन वरचा जादा रंग आणि खळ काढून टाकतात.

रेशीम रंग छान पितं. कारण रेशमाचा धागा आपल्या केसांसारखाच प्रथिनांचा बनलेला असतो. एक इवलासा किडा स्वतःभोवती कोश विणतो. त्या एका कोशातून साधारण हजार मीटरच्या आसपास लांबीचा अखंड धागा निघतो. गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचेल एवढा! तो दिसेल न दिसेल इतका बारीक असतो, म्हणून अनेक कोशांचे धागे एकत्र करून सूत बनवतात.

सुती कापडाची जुनी रीत आणखी मजेदार आहे. सांगानेर आणि जवळच्या बगरू गावात कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवत. हिरडा म्हणजे तोच, जो आपल्या जुन्नर, आंबेगाव, अकोले भागातल्या डोंगरांत आदिवासी लोक गोळा करतात! गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात बरेच दिवस कुजवून त्याचं पाणी काढत. हिरड्यात भिजलेल्या कापडावर ते पाणी लावलं की कापड काळं होतं. तुरटीच्या लापशीनं ठसे मारून कापड मंजिष्ठासारख्या मुळांच्या रंगात उकळलं की जिथं तुरटी लागली तिथंच लाल रंग चढतो. तुरटी काय करते? रंग आणि धागा यांची गाठ बांधून देते. एकदा गाठ बसली की कितीही धुवा, रंग हलत नाही. आज बहुतेक ठिकाणी कारखान्यातले तयार रंग वापरतात. पण बगरूसारख्या गावांत जुनी रीत सांभाळणारेही आहेत.

तिसऱ्या पाकळीची चूक

काकांनी भाचीला एक सुती तुकडा दिला आणि हातात ठसा. बाईसाहेबांनी ऐटीत ठसा रंगात बुडवला, कापडावर ठेवला आणि धाडकन मूठ मारली. उचलला तर काय? अर्धं फूल गडद, अर्धं गायब! दुसरं फूल तिरकं. तिसऱ्यावर रंगाचा डबका. काका हसले. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि चौथं फूल दोघांनी मिळून छापलं. ते मात्र सुरेख उमटलं.

भाचीनं लगेच पिशवीतून आपला झगा काढला. "चाचाजी, हा बघा, माझ्याकडेही हातानं छापलेला झगा आहे!"

काकांनी हात पुसले. झगा उजेडात धरला. उलटी बाजू पाहिली. मग खालच्या काठावरून हळूहळू बोट फिरवत नेलं आणि म्हणाले, "फूल आमच्याकडचंच दिसतंय, बेटा. छपाई मात्र हाताची नाही."

भाचीचा चेहरा खर्रकन उतरला. "पण बघा ना, इथं रंग रेघेच्या बाहेर गेलाय. हाताचं असल्याशिवाय अशी चूक कशी होईल?"

"बरोबर," काका म्हणाले. "या फुलाच्या तिसऱ्या पाकळीत रंग बाहेर गेलाय. आता हे दुसरं फूल बघ."

तिनं पाहिलं. तिसऱ्या पाकळीत रंग बाहेर.

"हे बघ. हे बघ. आणि हे."

सगळीकडे तिसरीच पाकळी, आणि रंगही तेवढाच बाहेर! आम्ही वीसेक फुलं तपासली. सगळ्या फुलांची एकच चूक.

"हाताची चूक अशी एका जागी बसून राहत नाही," काका म्हणाले. "आता तू चार फुलं छापलीस. एकाची चूक दुसऱ्यासारखी आहे का?"

झालं असावं ते असं. कुणीतरी ठशानं छापलेलं खरं कापड घेतलं, त्यातल्या एका फुलाचं चित्र संगणकात घातलं आणि मोठ्या यंत्रावर शाईचे बारीक फवारे मारून तेच फूल हजारो वेळा छापलं. याला डिजिटल छपाई म्हणतात. फुलाबरोबर चूकही छापली गेली!

"कुणा छीप्याचा एक ठप्पा जरासा हुकला," काका हसून म्हणाले, "आणि बिचाऱ्याची तेवढी एकच चूक लंडनला जाऊन पोचली!"

आम्हीही हसलो. भाची मात्र हसली नाही. तिनं झग्यावरच्या फुलावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "मावशी, मग हे पहिलं फूल कुणी छापलं होतं?"

तीनशे वर्षांपूर्वीची भांडणं

परतीच्या गाडीत ती गप्पच होती. मग एकदम म्हणाली, "म्हणजे त्यांनी आपली फुलं चोरली!"

मी म्हटलं, "थांब. एवढ्या घाईनं निकाल देऊ नकोस. आधी फुलांची गोष्ट ऐक."

ही फुलं तरी कुठून आली? यांतली कित्येक इराणी कलेच्या वळणाची आहेत. १६२० साली बादशहा जहांगीर काश्मीरला गेला. तिथली फुलं पाहून तो इतका खूश झाला की त्यानं उस्ताद मन्सूर या चित्रकाराला ती रंगवायला सांगितली. मन्सूरनं शंभरांहून जास्त फुलं रंगवली. मोगल काळात अशी फुलं चित्रांत, दगडांत, शालींवर आणि कापडांवर सगळीकडे उमलली. कारागिरांनी पाहिली, आपल्या हातानं बदलली, आपलीशी केली. म्हणजे प्रेरणा त्यांनीही घेतलीच होती!

मग युरोपातले व्यापारी आले. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर मछलीपट्टणच्या बाजूला तयार होणारं फुलाफुलांचं सुती कापड त्यांनी जहाजं भरभरून नेलं. आपल्याकडे अशा कापडाला छींट म्हणत. त्यावरून इंग्रजीत शब्द झाला 'चिंट्झ'. आणि मराठीत? आजीला विचारा. ती सांगेल, "आमच्या लहानपणी चिटाचे परकर असायचे!" चीट, छींट, चिंट्झ ही सगळी एकाच घरची भावंडं.

युरोपात लोक या कापडासाठी वेडे झाले. कारण रंग धुतल्यावर जात नव्हता, आणि ही विद्या त्यांच्याकडे नव्हती. तिथल्या विणकरांचं पोट मारलं जाऊ लागलं. मग फ्रान्सनं १६८६ साली असल्या कापडावर बंदी घातली. ती थेट १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडनं १७०१ पासून बाहेरचं छापील कापड बंद केलं आणि १७२१ साली आणखी कडक कायदा केला. तो १७७४ मध्ये उठला. त्याआधी १७१९ साली तर लंडनच्या चिडलेल्या विणकरांनी असे कपडे घातलेल्या बायकांना रस्त्यात गाठून त्यांचे कपडे फाडले! विचार करा, नुसत्या फुलांच्या कापडासाठी!

तरी लोकांची हौस काही जाईना. मग युरोपीय लोकांनी ही विद्या शिकायचं ठरवलं. १७४२ साली केर्दू नावाच्या एका फ्रेंच पाद्र्यानं दक्षिण भारतातल्या कारागिरांकडून रंगाची रीत विचारून घेतली आणि पत्रात लिहून फ्रान्सला पाठवली. १७८३ साली टॉमस बेल यानं रुळावरून छपाई करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. हातानं जे कापड छापायला कित्येक दिवस लागत, ते यंत्र भराभर छापू लागलं. एकोणिसाव्या शतकात विलायतेतलं छापील कापड स्वस्तात भारतातच येऊन विकलं जाऊ लागलं. ज्यांची ही कला, त्यांचेच ठसे पडून राहू लागले.

"आता सांग," मी भाचीला म्हटलं, "चोरी कुठली आणि प्रेरणा कुठली?"

ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "मावशी, पाद्र्याचं नाव आहे. यंत्रवाल्याचं नाव आहे. ज्यांनी रंगाची रीत सांगितली, त्यांची नावं काय?"

मला उत्तर देता आलं नाही.

"आणि आपल्या काकांचं नाव काय?"

मुलांनो, माझा चेहरा खर्रकन उतरला तो तेव्हा. आम्ही दोन तास त्या छपरीत होतो. त्यांचा चहा प्यालो, फोटो काढले, त्यांनी आमच्या मुलीचा हात धरून तिला शिकवलं. आणि आमच्यापैकी कुणीही त्यांना त्यांचं नाव विचारलं नव्हतं! झग्याच्या चिठ्ठीवर कारागिराचं नाव नाही म्हणून आम्ही रागावलो होतो. आमच्याकडे तरी कुठं होतं?

प्रदर्शनात काय ठेवलं?

डिसेंबरात प्रदर्शन आलं. बहीण म्हणाली, "झगा नको नेऊस, उगाच मुली हसतील." पण भाचीनं झगा नेलाच. शेजारी आपला चार फुलांचा सुती तुकडाही ठेवला. सोबत सुवाच्य अक्षरात एक पुठ्ठा :

'१. रेशमी झगा. यंत्रावर छापलेला. मी आधी हातानं छापलेला म्हणून सांगितलं होतं, ते चुकीचं होतं. फुलं सांगानेरच्या वळणाची. आकार अंगरख्याचा.

२. सुती तुकडा. हातानं छापलेला. पहिली तीन फुलं माझी. चौथं फूल मी आणि सांगानेरचे एक कारागीर यांनी मिळून छापलेलं. त्यांचं नाव विचारायचं माझं राहून गेलं.'

बाजूला एक भिंग ठेवलं होतं आणि लिहिलं होतं, 'तिसरी पाकळी शोधा.' मुलामुलींनी तिथं ही गर्दी केली! हसलं कुणीच नाही. उलट एक मुलगा घरी जाऊन आपल्या आईच्या साडीवरची फुलं भिंगातून तपासून आला.

यंत्रावर छापलेला कपडा वाईट असतो का? मुळीच नाही. तो स्वस्त पडतो, पटकन तयार होतो. आपल्यापैकी बहुतेकांचे कपडे यंत्राचेच असतात, माझेही. भाची तो झगा अजून आवडीनं घालते. फक्त यंत्राला हात म्हणून विकू नये, आणि ज्याच्याकडून फूल घेतलं त्याला त्याचा वाटा मिळावा, एवढंच. यासाठी आपल्या देशात १९९९ साली एक कायदाही झाला. एखाद्या गावाची खास वस्तू असेल तर तिला त्या गावाच्या नावाचं संरक्षण मिळतं. त्याला भौगोलिक मानांकन म्हणतात. आपल्या पैठणीला, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला ते आहे. सांगानेरी हातछपाईलाही आहे. म्हणजे यंत्रावर छापून 'सांगानेरी हातछपाई' असं नाव लावता येत नाही. पण 'प्रेरणा घेतली' एवढंच लिहिलं, तर कायद्याला विचारता येत नाही. तिथं विचारायचं काम तुमचं-माझं!

आणि हो, त्या छपरीच्या दुकानातून बहिणीनं एक ओढणी घेतली होती. तिच्या पावतीवर पत्ता सापडला. भाचीनं हिंदीत पत्र लिहिलंय : 'टेबलावर रेशीम छापणाऱ्या चाचाजींना नमस्कार. मी तीन फुलं बिघडवणारी मुलगी. तुमचं नाव कळवाल का? पुठ्ठ्यावर जागा ठेवली आहे.'

उत्तर अजून आलेलं नाही. पण पोस्टमनकाका गल्लीत शिरले की ती जिन्यावरून धावत खाली जाते.

करून पाहा

१. भेंडी देठाकडून आडवी कापा. झालं फुलाचं ठसं तयार! पानासाठी बटाट्याचा अर्धा तुकडा घ्या आणि मोठ्या माणसाच्या मदतीनं त्यावर पान कोरा. जुन्या ओढणीच्या घडीवर पांढरा रुमाल पसरा. ताटलीत ओला स्पंज ठेवून त्यावर कापडाचा रंग ओता. आधी फुलांची एक ओळ छापा, मग पानांची. दोन्ही ठसे जुळवताना काय होतं ते बघा!

२. एका वाटीत बिनदुधाचा गार चहा घ्या. दुसऱ्या वाटीत गंजलेला खिळा आणि थोडं व्हिनेगर दोन दिवस ठेवा. मग त्या पाण्याचे काही थेंब चहात टाका. चहा काळपट झाला? हिरडा आणि लोखंडाची गंमत ती हीच. मात्र हे पाणी चुकूनही पिऊ नका, आणि खिळा हाताळायला घरच्या मोठ्यांना सांगा.

३. घरातला एखादा फुलांचा कपडा भिंगातून पाहा. सगळी फुलं अगदी एकसारखी आहेत की प्रत्येकाची चूक वेगळी आहे?

आणि रुमाल छापून झाला की कोपऱ्यात आपलं नाव लिहा. कुणी मदत केली असेल तर त्याचंही. विचारून, नीट, पूर्ण नाव!